टॅक्सीच्या दारातली सरदारीण

सिनेमातला सरदार आज दुसऱ्याच्या बायकोला नादी लावणार होता आणि पुढच्या आठवड्यात तिला दगा देणार होता. हे काम दिग्दर्शकाने स्वतःकडेच ठेवलं होतं. घरी त्याची भरपूर तालीम झालेली आहे, असं त्याच्या बायकोचं मत होतं. फसणारी सरदारीण तीच.

आज जेवणाच्या सुट्टीत ती निघून जाणार होती, कायमची. मागच्या गेटाशी टॅक्सी येणार होती. हे तिने फक्त वन्संना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला सांगितलं होतं. कपडेपट वन्संकडेच. जुन्या काळी चेन नव्हती, म्हणून पोशाख सकाळी अंगावरच शिवायचा आणि संध्याकाळी उसवायचा, असा दिग्दर्शकाचा हट्ट.

"श्वास घे आत," पाठीवर टाके घालत वन्सं म्हणाल्या. "आज मोठा सांगाडा आहे."

सांगाडा म्हणजे विलायती झग्याच्या घेराखालचा पोलादी पिंजरा.

"अहो, यात मी बसू कशी?"

"नवऱ्याला विचार तुझ्या. सुट्टीत उसवते गं मी."

सुट्टी झाली आणि वन्संचा पत्ता नाही. ती तशीच गेटाशी गेली. टॅक्सीत डोकं पुढे घालून शिरून झालं, पाठमोरी शिरून झालं. घेर पुढून दाबला की मागून छपराला लागे.

"बाई, टेम्पो बोलवू का?" ड्रायव्हरने आदबीने विचारलं.

एवढ्यात नवरा आला. मागे वन्सं, गळ्यात कात्री.

"हा सांगाडा कोणी चढवला? आज बिछान्यावरचा सीन आहे. साधा झगा सांगितला होता ना, ताई?"

वन्सं दारात अडकलेली लेस सोडवायला वाकल्या.

"वन्सं, तुम्ही?"

"तू सुटलीस की हा परत माझ्या गळ्यात," त्या पुटपुटल्या. "तू यायच्या आधी त्याचं सगळं करायला मीच होते की."

"मग चला माझ्याबरोबर. कापा हे."

वन्संनी टॅक्सीकडे पाहिलं. अगदी आतल्या सीटपर्यंत पाहिलं. हात कात्रीवर गेला.

"ताई, माझा चहा कुठाय?"

"आणते हं," म्हणून वन्सं निघाल्यासुद्धा. कात्री गळ्यातच.

नवऱ्याने बायकोकडे निरखून पाहिलं. "चेहरा झकास आलाय. दग्याचा सीन आजच उरकू."

टॅक्सी रिकामीच वळली. स्टुडिओचं दार मात्र चांगलं ऐसपैस होतं. सरदारीण घेरासकट आरामात आत गेली.