आत्याने दिलेलं वेढं

"सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यातलंसुद्धा काढतो, बेबी. नखात लपवतो, केसांना पुसतो. तू नुसतं त्याच्या हातांकडे बघायचं," जिना चढता चढता कालिंदीआत्याने मला बजावलं.

मला हे सांगायची गरजच नव्हती. यंदा मी वर्गाची मॉनिटर झाले होते. कॉपी करणारीचा हात बाकाखाली कुठे आहे, ते मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. तिथे सोनाराची काय कथा!

माझ्या मोठ्या बहिणीचा, मृणालिनीताईचा, रविवारी साखरपुडा होता. हेरंबरावांच्या अंगठीसाठी आजोबांचं वेढं वितळवू या, असं अण्णांनीच सुचवलं. वेढं म्हणजे सोन्याच्या तारेचे वेटोळे असलेली जाडजूड अंगठी. आजी गेल्यापासून ती आत्याकडे होती आणि सणावाराला आत्या ती हौसेने बोटात घालून यायची. अण्णांनी विषय काढला तेव्हा आत्याने आधी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "देते की! माझीच भाची ना ती? फक्त बेबीला माझ्याबरोबर पाठव."

कमलाकांतशेटचं दुकान ठाकूरद्वारला, चाळीच्या पहिल्या मजल्यावर. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांची मंगळसूत्रं त्यांच्याच हातची. गुडघ्यावर कातडं पसरून ते शेगडीपुढे बसले होते. मी मुद्दाम समोर मांडी ठोकली.

"काय गो, पहारा काय?" शेट हसले.

"हो," मी म्हटलं. "चालेल ना?"

"चालेल की. पोलिसांचा नको, तुझा चालेल."

हसतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे, मी मनात म्हटलं.

आत्याने फडक्यातून वेढं काढून दिलं. शेटनी ते काळ्या दगडावर घासलं, पिवळीधमक रेघ उठली. मग त्यांनी वेढं तळहातावर झेललं. एकदा, पुन्हा एकदा. कपाळाला आठी.

"आकाराच्या मानाने हलकं लागतंय."

झालं! चोरीच्या आधीची तयारी! आत्ता हलकं म्हणायचं, मग कमी भरलं की बोट दाखवायला मोकळे. मी गुडघ्यांवर पुढे सरकले. शेटनी कान खाजवला, मी त्यांचा कान बघितला. ते शिंकले, मी त्यांचा रुमाल बघितला.

इतक्यात खालून गलका आला. मोर्चा! "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, झालाच पाहिजे!" अख्खी चाळ धडधडत गॅलरीत धावली. माझे तर पायच शिवशिवायला लागले. शाळेतून आम्हा मुलींना मोर्चाला जायला बंदी होती, आणि इथे मोर्चाच आमच्या खालून चालला होता.

"जा गं, बघून ये," आत्या म्हणाली. "मी आहे ना इथे."

मी उठलेसुद्धा अर्धी. आणि मग वाटलं, अगं, जिन्यात तर हिनेच मला एवढं बजावलं!

"नको," मी म्हटलं आणि पुन्हा बसले.

"जा म्हणते ना! असा मोर्चा पुन्हा दिसायचा नाही."

"रोज निघतात हल्ली, आत्या."

शेटनी छिन्नी उचलून वेढं ऐरणीवर धरलं.

"कापताय कशाला?" आत्याचा आवाज चिरकला. "सरळ मुशीत टाका की! वितळवायचंच आहे ना?"

"जुनं सोनं मालकासमोर कापूनच मुशीत जातं, बाई. आमच्या वडलांपासनं रीत आहे. मागनं बोल नको."

मी शेटच्या हातांकडे बघायचं सोडून पहिल्यांदाच आत्याच्या हातांकडे बघितलं. ती पदराचं टोक पिळत होती.

ठण्! वेढ्याचे दोन तुकडे झाले. वर सोन्याची पातळ साल आणि आत लालभडक तांबं.

खाली घोषणा चालूच होत्या.

"बाई, बाई, बाई!" आत्या एकदम उभी राहिली. "बदललंन्! मोर्चाच्या गडबडीत बदललंन् मेल्याने! आमच्या बाबांचं वेढं खाल्लंन्!"

शेटचा चेहरा राखेसारखा झाला. "हळू बोला, बाई. गॅलरीत लोक आहेत. ही हाक एकदा खाली गेली, की मला उद्या चांदीचं जोडवंसुद्धा कोणी घडवायला देणार नाही."

"जाऊ दे खाली! जाऊ दे! ही पोर गॅलरीत पळाली तेवढ्यात..."

"मी हललेले नाही," मी म्हटलं.

"उठली होतीस तू!"

"अर्धी! पाठ फिरवली नव्हती." मला एवढा राग आला की मी वक्तृत्व स्पर्धेसारखी उभीच राहिले. "त्यांनी दगडावर घासलं, हातावर झेललं, कान खाजवला, शिंकले, छिन्नी घेतली. वेढं एकदाही नजरेआड गेलेलं नाही. तूच सांगितलंस ना बघ म्हणून? मी बघितलं. कापू नका असं कोण म्हणालं, तेही बघितलं."

आत्या मटकन खाली बसली.

"माझ्या रघुवीरच्या टायफॉइडमध्ये विकलं ते," ती म्हणाली. "अण्णाला सांगायचं धाडस झालं नाही. तसंच दिसणारं करून घेतलं. कोण कशाला कापतंय, वाटलं. बेबी, घरी म्हण, सोनारानेच... त्याचं काय जातंय?"

"माझं?" शेट इतकंच म्हणाले.

मग काय मनात आलं कोण जाणे, आत्या मोरीत गेली आणि साबण लावून लावून बोटातलं स्वतःचं वळं काढून आली. "हे घ्या. कापा."

हे आतपर्यंत पिवळं निघालं. तुकडे मुशीत पडले, वर मळ जायला सवागीची, म्हणजे टाकणखाराची, चिमूट. शेट फुंकणीने जाळ फुलवत राहिले, तेव्हा सोनं आधी थरथरलं, मग गोळा होऊन चकाकलं. साच्यातून कांडी निघाली. ठोकायची, तापवायची, पुन्हा ठोकायची. हेरंबरावांच्या बोटाच्या मापाचा दोरा लावून शेटनी ती दांड्यावर वाकवली, सांधा झाळला, कानशीने घासला. सोन्याचा कीस कातड्यावर पडत होता, आणि मी तोही बघत होते. उगाच का सोडू? एक खोटं निघालं म्हणून दुसरं खरंच असतं, असं थोडंच आहे? आत्यावर तर आता दोन डोळे कमी पडत होते.

अंगठी पूर्ण झाली. तांब्याचे तुकडे ऐरणीजवळ पडले होते. आत्याने हात पुढे केला. शेटनी ते उचलून माझ्या हातावर ठेवले.

"दे गं इकडे," आत्या हलकेच म्हणाली.

मी मूठ मिटली. "अण्णांना दाखवते, मग देते. रघुवीरदादाचा टायफॉइडसुद्धा सांगते. त्यात लाजायचं काय? पण शेटनी खाल्लं, असं मी म्हणणार नाही."

आत्याने अंगठी कमरेला खोचली आणि जिना उतरायला लागली. मी मुद्दाम तिच्या मागून उतरले.