दोन कड्या

"पोरगं कचकड्याचं आहे," बड क्लेमर म्हणाला आणि त्याने माझ्या ताटलीतला बटाट्याचा तुकडा उचलला. "लिहून ठेव, वॉल्ट. देवाने पाय दिले हरणाचे आणि हाडं दिली कोंबडीची."

शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा फुटबॉलचा सामना झाला की शनिवारी सकाळी हॅलोवेलमधली स्वतःला जाणती म्हणवणारी सगळी माणसं डोरीनच्या खानावळीत जमतात आणि अंड्यांबरोबर सतरा वर्षांची पोरं चावून खातात. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी आमच्या तोंडी डॅरेल स्टोव्हर होता. चेंडू छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम.

"नववीत खांद्याजवळचं हाड, दहावीत घोटा, गेल्या साली मांडी," बड बोटांवर मोजत म्हणाला. "आता म्हणे बरगड्या दुखतात. उरलं काय? कान?"

"पण सुटला की कोणाच्या बापाला सापडत नाही," कॉफी ओतता ओतता डोरीन म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी कॉलेजचा माणूस येतोय त्याला बघायला. उगाच येतो का?"

"बघेल की. पट्ट्या किती बांधल्यात ते मोजेल."

आम्ही सगळे हसलो. फक्त ऑरिन हॅस्केट अंड्यात पाव बुडवत राहिला.

"तू बोल ना, ऑरिन," बड म्हणाला. "तू तर दहा फुटांवर उभा असतोस. लेचापेचा आहे की नाही पोरगा?"

"साखळीवाल्याला मत नसतं," ऑरिन म्हणाला.

हे उत्तर तो एकोणतीस वर्षं देत आला होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना जातो. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन दांडे आणि मधे एक साखळी असते, आणि ती धरायला गावातलीच माणसं असतात. आमच्याकडे साखळीचा मुख्य ऑरिन, आणि कितवा प्रयत्न आहे त्याच्या आकड्याची पाटी माझ्या हातात. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, असा नियम आहे. आम्ही बाकीचे तो अंगरख्यापुरता पाळायचो. नारिंगी अंगरखा उतरवला की आमच्या जिभेला हाड नसे. ऑरिनने मात्र तो नियम घरीही नेला. नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायची नोकरी, सरळ नाकासमोर चालणारा माणूस.

"कणखर म्हणजे काय ते ह्याच्याकडून शिका," बडने ऑरिनच्या पाठीवर थाप मारली. "ह्याच्या डोळ्यांसमोर ह्याच्या ग्लेनचा गुडघा फुटला. पोरगा गुरासारखा ओरडतोय, आणि ह्या बाबाने पंचाने सांगेपर्यंत दांडा हलवला नाही. त्याला म्हणतात माणूस."

ही गोष्ट आमच्या गावात अभिमानाने सांगतात. ऑरिनने रुमालाने तोंड पुसलं, टोपी घातली आणि तो निघून गेला. ग्लेन टोलेडोला असतो, लंगडत चालतो, नाताळला फोन करतो. एकदा गाडीतून येताना ऑरिन मला म्हणाला होता, "त्याने माझ्याकडे बघितलं होतं, वॉल्ट." पुढे मी विचारलं नाही.

पुढचा शुक्रवार हंगामातला शेवटचा. शेजारच्या गावाशी सामना, कडाक्याची थंडी, लाकडी पायऱ्यांवर बसायला जागा नाही. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. तिसऱ्या प्रयत्नात डॅरेल आमच्या अगदी पायाशी येऊन आपटला. वर बसलेल्यांना नुसतं पडणं दिसतं. खाली आवाज ऐकू येतो. ओली फळी मोडावी तसा तो आवाज होता.

तो उठला. दर वेळी विचारायचा तसं त्याने विचारलं, "अजून किती, मिस्टर हॅस्केट?" तीन वर्षांत त्या दोघांचं एवढंच बोलणं.

"तीन यार्ड," ऑरिन म्हणाला.

"होईल." एवढा एक शब्द बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. तो थुंकला, आणि दिव्यांच्या उजेडात ते लाल दिसलं.

"कोचना सांग, पोरा," ऑरिन हळूच म्हणाला. "बाहेर बस."

मी चमकून बघितलं. एकोणतीस वर्षांत अंगरखा घातलेला ऑरिन मोजमापापलीकडे बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

"वरचे काय म्हणतात ऐकताय ना?" डॅरेल म्हणाला. वरून बडचा आवाज येतच होता, "चालतेस का गं, बाहुले?" आणि त्यावर हशा.

चौथा प्रयत्न. चेंडू त्यालाच दिला. तो डोकं खाली घालून घुसला आणि अकरा जणांच्या ढिगाखाली गेला. ढीग उपसला तेव्हा तो तळाशी पोटाखाली चेंडू धरून पडला होता. आता मात्र सगळं गाव त्याचं नाव घेत होतं. पोचला की नाही ते नजरेने ठरेना, म्हणून पंचांनी साखळी मागवली.

साखळीला एक चिमटा लावलेला असतो. साखळी मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवरून जाते तिथे तो लावायचा, साखळी आत नेली की त्याच रेषेवर टेकवायचा आणि पुढचा दांडा चेंडूपाशी ताणायचा. सगळा हिशोब त्या चिमट्यावर. पण एवढी वर्षं मोजणाऱ्याला कडेवरूनच कळतं. ऑरिनला कळलं होतं, मलाही कळलं होतं. पोरगा पोचला होता, दोन बोटांनी का होईना, पोचला होता. म्हणजे अजून चार प्रयत्न, आणि चारही वेळा चेंडू त्याच्याच छातीशी.

ऑरिन चिमटा उचलायला वाकला. पंच त्या क्षणी पाठमोरा होता. ऑरिनच्या अंगठ्याने चिमटा उघडला आणि दोन कड्या मागे लावला; पुढची साखळी तेवढी लांब झाली.

आत जाऊन साखळी ताणली. दांडा चेंडूच्या पुढे टेकला. पंचाने दोन बोटं वर करून दाखवली, एवढंच कमी पडलं. चेंडू समोरच्यांना गेला आणि आम्ही हरलो. डॅरेल होता तिथेच गवतावर बसला. कॉलेजचा माणूस शिट्टी व्हायच्या आधीच गाडीकडे निघाला होता. डॉक्टरांना उजवीकडच्या तीन बरगड्या मोडलेल्या सापडल्या.

दुसऱ्या सकाळी बड आत आला तोच दोन बोटं वर करून. "एवढंच!" तो म्हणाला. "खऱ्या गड्याने एवढं नाकाने ढकललं असतं. मी म्हणत नव्हतो?"

"पोचला होता तो," ऑरिन म्हणाला.

बडची बोटं खाली आली.

"चिमटा मी सरकवला. दोन कड्या. तो पोचला होता."

बडने त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायला लागला. वाईट हसणं नव्हतं ते, मायेचंच होतं. "बघा रे, पोराची अब्रू झाकायला हा स्वतःवर घेतोय. ऑरिन, तू सख्ख्या सासूच्या मीटरमधे बादलीभर पाणी सोडलं नाहीस. तू साखळी सरकवणार?"

"सरकवली."

"बरं, वॉल्ट होता ना तिथे. काय रे वॉल्ट?"

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. माझ्या समोर कॉफी होती, त्यावर साय धरली होती, ती मी चमच्याने बाजूला केली.

"मला तरी काही दिसलं नाही," मी म्हणालो.

मी ऑरिनला वाचवतोय अशी मी त्या दिवशी स्वतःची समजूत घातली. गावाने त्याला फाडून खाल्लं असतं, हे खरंच. पण त्याला वाचवून घ्यायचं नव्हतं, आणि हे मला त्याच्या नजरेतून कळलं होतं. मी माझी खुर्ची वाचवली. ऑरिनने सोमवारी शाळेत जाऊन अंगरखा घडी करून परत दिला. वय झालं, असं सांगितलं म्हणे. डोरीनकडेही तो पुन्हा आला नाही.

कॉलेजकडून डॅरेलला पत्र आलं नाही. तो गावाबाहेरच्या खत-बियाण्यांच्या दुकानात लागला. चार वर्षांनी ऑरिनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा मी त्याला अधूनमधून नेऊ लागलो. त्या दिवशी घरचं जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राला लागणारं मीठ घ्यायला आम्ही त्या दुकानात गेलो. डॅरेल पोती घेऊन गाडीपर्यंत आला.

"डॅरेल," ऑरिन म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशीच्या मापाचं."

"माहीत आहे, सर." त्याने पोतं अलगद आत ठेवलं. "ढिगाच्या तळाशी मीच होतो ना. दांडा कुठे उभा आहे ते घुसतानाच बघितलं होतं. पोचलो होतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

डॅरेलने हातावरचं मीठ विजारीला पुसलं. "मला बसायचं होतं, मिस्टर हॅस्केट," तो म्हणाला. "कोणीतरी बसवावं, एवढंच हवं होतं."

तेवढ्यात एक गाडी वळून आत आली. चालवणाऱ्याने काचेतून डॅरेलकडे बघत दोन बोटं वर केली. डॅरेलने हसून दोन बोटं वर केली. रोजचा रामराम असावा तशी, सवयीने.

आम्ही गाडीत बसलो.

"ऑरिन," मी म्हणालो, "मी बघितलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्याने चाचपडत पट्टा लावला. मी गाडी सुरू करेपर्यंत तो बाजूच्या आरशात बघत होता. त्या डोळ्यांना किती दिसत होतं कोण जाणे. मागे डॅरेल त्या दुसऱ्या गाडीत पोती भरत होता, एकेक, डाव्या अंगाने.