घुंगटाआडचा घास

जमनाबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. बबितानं चमचा ओठांशी नेला की त्या मान भिंतीकडं वळवत. नऊ दिवस हेच चाललेलं.

यवतमाळच्या त्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना जेवू घालणं हे बबिताचं काम. लकव्यानं जमनाबाईंचा उजवा हात गेला होता, गिळणंही मंद झालं होतं. भात मऊ, वरण दाट, हनुवटी खाली, पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही, हे सगळं बबिता नेमानं करायची. घरी वर्षभराची लेक, त्यामुळं घासासाठी ताटकळायची सवय होतीच. तरी वाटी भरलेलीच परत जायची.

वजन अडतीस किलोवर आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शनिवारपर्यंत पाहू. नाहीतर नाकातून नळी."

"गळाच बिघडला असन," सिस्टर सत्यभामाताई म्हणाल्या.

"गळा नाही ताई. सकाळी खोलीत चहा चांगला पेतात त्या."

"मग जेवाच्या हॉलमधीच काय होते?"

गुरुवारी बबितानं नेहमीसारखं जमनाबाईंच्या गळ्याशी फडकं बांधलं आणि वरण सांडू नये म्हणून त्यांच्या डोक्यावरचा पदर मागं सारला. जमनाबाईंनी डाव्या हातानं तो थेट हनुवटीपर्यंत ओढला आणि तसाच धरून ठेवला. समोरच्या खुर्चीत पूनमसिंग जेवत होते. दुसऱ्या इमारतीतून ते इकडं आले, त्याला नऊच दिवस झाले होते.

"याडी," बबितानं बंजारा बोलीत आईला मारतात तशी हळूच हाक मारली, "हे कोण लागतात तुमचे?"

"जेठ."

बबिताही बंजारा तांड्यातलीच. तिच्या आजीनं उभ्या जन्मात जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, तोंड उघडं टाकून घास घेतला नव्हता. आणि बबिता मात्र रोज जमनाबाईंचा पदर मागं सारत आली होती.

"अवो, पण त्यायले मोतीबिंदू आहे. दिसतच नाही काही."

"डोये गेले," जमनाबाई बोबड्या जिभेनं म्हणाल्या. "जेठपण गेलं का?"

पूनमसिंगांचं चावणं थांबलं. "माह्या धाकल्या भावाची, अमरसिंगची बायको का? मले काय मालूम. फिरव पोरी माही खुर्ची भिंतीकडे. शाळेत मास्तर असाच बसवत होता."

"त्यापेक्षा हिलेच खोलीत जेवू घाल ना," सत्यभामाताई म्हणाल्या.

"एकटीनं आणखीच कमी खातीन, ताई."

बबितानं म्हाताऱ्याची खुर्ची भिंतीकडं फिरवली. मग जमनाबाईंचा पदर नीट पुढं घेतला, एका हातानं त्याचा काठ उचलून धरला आणि दुसऱ्या हातानं चमचा आत नेला. तोंड नीट दिसत नव्हतं. घोट उतरल्याचा आवाज आला, की पुढचा चमचा.

सातव्या घासाला जमनाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"घालतो ना," बबिता म्हणाली आणि उठली. पदराचा काठ तेवढा वेळ सत्यभामाताईंनी धरला.