खाल्ल्या मिठाची गोण

मी एक जुनी गोण आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरलेलं आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी गोड बोलून सांगतात. मला ते जमायचं नाही. आयुष्यभर ठोसे खाल्ले त्याचं काही वाटत नाही, त्यासाठीच तर मी जन्मले. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

माझा जन्म १९७४ साली घणसोली गावात झाला. होडीचं फाटकं शीड कापून मला शिवलं, आत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबल्या आणि जयदेव नावाच्या पोराच्या पडवीत वाशाला टांगलं. शिवलं ते बाजीरावांनी. हे मूळचे तळकोकणातले, पलटणीत बॉक्सिंग शिकलेले. पलटण सुटल्यावर इथल्या एका कारखान्यात रखवालदार झाले आणि घणसोलीत भाड्याच्या खोलीत राहू लागले. मिठागरात राशी ओढणाऱ्या जयदेवचे खांदे त्यांनी पाहिले आणि या पोराला सोडायचं नाही असं ठरवलं.

पहिल्याच दिवशी जयदेवने मला असा काही ठोसा हाणला की त्याचंच मनगट मुरगळलं.

"गोणीशी भांडू नको," बाजीराव म्हणाले. "ती सांगते ते ऐक."

हा माणूस मला तेव्हाच आवडला. पुढे जयदेव खरंच ऐकायला शिकला. त्याचा उजवा हात माझ्यावर पडला की वाशावरची धूळ खाली यायची, आणि मला अभिमान वाटायचा. का नाही वाटणार? मुंबईत तंबू ठोकून पैशाच्या लढती व्हायच्या, तिथे तो एकामागून एक गडी लोळवत होता, आणि प्रत्येक ठोसा आधी मी खाल्लेला असायचा.

मग आला दत्तू. नेरूळच्या डोंगरात दगडाच्या खाणी होत्या, तिथला हा. दुष्काळात मराठवाड्यातून आलेलं कुटुंब, लहानपणापासून हातात घण. पेपरवाल्यांना आयतंच सापडलं. 'आगर विरुद्ध खाण' असं त्यांनी छापलं आणि दोन्हीकडची माणसं ट्रक भरभरून लढती बघायला जाऊ लागली. पहिली लढत जयदेवने उजव्याच्या एका फटक्यात मारली. दुसरी दत्तूने गुणांवर घेतली, आणि जयदेव भुवई फोडून घरी आला. मग कित्येक वर्षं, लग्न असो की जत्रा, गावात एकच प्रश्न. तिसरी कधी?

तिसरी ठरली १९८३ साली, दसरा झाल्यावर, वाशीच्या मैदानात.

आता ऐका, कारण मी रागावते ती इथून पुढे. नवं शहर उभं राहत होतं आणि मिठागरं जात होती. जयदेवचा बाप आधीच वारला होता. आई कमळी एकटीच आगरावर राबायची. त्या वर्षी मे महिन्यात तिने शेवटचं मीठ काढलं. पुन्हा त्या जमिनीत पाय ठेवायचा नव्हता. ते मीठ विकायला तिचा जीव होईना. त्याच सुमाराला माझ्या चिंध्या खाली बसल्या होत्या आणि वरचा भाग पोकळ पडला होता. बाजीराव पेरणीआधीच्या शेतकामासाठी गावाला गेलेले. कमळीने माझं तोंड उसवलं, आत मीठ भरलं, आणि जाळ्याच्या दोऱ्याने टाके घालून टाकले. लेक तेव्हा घरी नव्हता. नंतर त्याला ती एवढंच म्हणाली, "गोन भरली मी. आता मार."

भरताना मात्र माझ्याशी बोलत होती. "आपल्या आगराचा मीठ हाय. याच्यात माजा नवरा हाय, सासरा हाय. पोराचे हात घट होतीन."

किती मायेने केलं तिने. आणि केवढी चूक केली. पण चिंध्या कुणाच्याही घरात असतात, मीठ भरायचं फक्त आगरवाल्यांनाच सुचणार.

आधी बरं चाललं. दाणे मोकळे होते, ठोसा आत जायचा. पावसाळ्यात जयदेव बाजीरावांकडे कारखान्याच्या शेडमध्ये सराव करू लागला आणि मी पडवीत भिजत राहिले. मीठच ते, पाणी ओढलंच. भादव्याचं ऊन पडलं तशी मी सुकले आणि आतल्या आत दगड झाले. वरून तीच गोण. मला कळत होतं. ओरडून सांगणार कशी?

लढतीच्या आठवड्यात जयदेव पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला. अंग गरम करायचं म्हणून त्याने पहिलाच उजवा पूर्ण ताकदीने मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली बसला. मूठ तोंडाशी नेली. जिभेला खारट लागलं. त्याने वर पाहिलं, तर आईचे टाके.

"गप ऱ्हा," तो मला म्हणाला. "तिला कललं तर ती मरंल."

मला सांगतोय गप्प राहा. मला जीभ तरी आहे का?

आतून कमळीने विचारलं, "काय झायला रं?"

"काय नाय, आये."

एवढंच बोलला. हाताला फडकं गुंडाळलं आणि त्याच हातावर ग्लोव्ह चढवून लढला. मी तिथे नव्हते, पण महिनाभर गावाला दुसरा विषय नव्हता, त्यामुळे प्रत्येक फेरी माझ्या कानावर पडली. उजवा निघालाच नाही म्हणे. नुसता डाव्याने खेळत राहिला आणि पाचव्या फेरीत आडवा झाला. बाजीरावांनी सुजलेला हात पाहिला तेव्हा जयदेव म्हणाला, लढताना मोडला. बाजीरावांना ते पटलं नाही; उजवा मारलाच नव्हता, मग मोडेल कसा? खोटं बोलणाऱ्या पोराच्या तोंडाला लागायचं नाही म्हणून त्यांनी पडवीत येणं सोडलं.

आणि गाव? गावाने निकाल देऊन टाकला. पैसे खाल्ले, विकला गेला. खाल्ल्या मिठाला जागला नाही.

मिठाला. हा शब्द ज्याने पहिल्यांदा काढला त्याच्या अंगावर वाशासकट पडावं असं मला वाटलं. नाक्यावर जयदेव आला की माणसं उठून जायची. हळदीचं आमंत्रण येईना. सगळ्यात वाईट म्हणजे एक दिवस ताट वाढताना कमळीच म्हणाली, "माजा पोर असून मिठाला जागला नाय तू." तो जेवला, उठला आणि ताट धुऊन ठेवलं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. बोल की रे मेल्या, एकदा तरी बोल.

दोन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी दत्तू पडवीत उभा राहिला. त्याचंही डोकं तापलेलं होतं.

"लोक म्हणतेत म्या लढत इकत घेतली," तो म्हणाला. "मला खरं सांग. उजवा कुठं ठिवला व्हतास?"

"जुना झाला ते. जाऊ दे," जयदेव म्हणाला.

"माझं नाव गेलं, अन् तू म्हनतोस जाऊ दे?"

त्याने रागाच्या भरात मला एक ठेवून दिली आणि हात झटकत मागे सरला. दगड फोडण्यात जन्म गेलेला माणूस तो. पुन्हा बोटाने टकटक केली. मग जयदेवचा उजवा हात ओढून उजेडात धरला. हाड वेडंवाकडं जुळलं होतं, मूठ मिटत नव्हती. कोपऱ्यात कोयता होता. जयदेव अडवेपर्यंत दत्तूने मला वरपासून खालपर्यंत फाडलं.

मिठाचा दगड जमिनीवर पडला. आवाजाने कमळी बाहेर आली. तिने खाली वाकून एक कपचा उचलला, जिभेवर ठेवला, मग लेकाच्या हाताकडे पाहिलं.

"आये, ऱ्हाऊ दे," जयदेव म्हणाला.

तिने राहू दिलं नाही. मिठाचा दगड माझ्यातच गुंडाळला आणि मला फरफटत देवळापुढे नेलं. पारावर पत्ते चालले होते. तिथे तिने मला उलगडलं.

"हा मीठ मी भरला गोनीत," ती म्हणाली. "याच्यावर पोराचा हात मोडला. मना कलू नये म्हनून गप ऱ्हायला. माज्या मिठाला जागला माजा पोर. तुमी बोल्लेत, मी पन बोल्ली. आता बोला."

 पारावरच्यांनी हातातले पत्ते खाली ठेवले.

संध्याकाळी दत्तूने मला दाभणाने शिवलं, चिंध्या भरल्या आणि बाजीरावांना बोलावून आणलं. त्यांनी जयदेवचा हात धरून वाकडं हाड अंगठ्याने चाचपलं. मग तिघं जेवायला बसले. कमळीने भात वाढला, आमटी वाढली. ताटात मीठ ठेवायची वेळ आली तेव्हा तिचा हात उचलेना. जयदेवने आपला वाकडा उजवा पुढे केला, तिच्या वाटीतून स्वतः चिमूट घेतली आणि ताटाच्या कडेला ठेवली. तिने पदर तोंडाला लावला.

तेव्हा मित्रांनो, गोण पावसाआधी उतरवून ठेवा आणि आत काय भरलंय ते बघून मगच मारा, हे तर आहेच. पण ते दुसऱ्या नंबरचं. आधी हे ऐका. दोन वर्षं सगळं गाव त्याच्या मिठाबद्दल बोललं. त्याचा हात हातात घेऊन बघायला मात्र खाणीवरून दत्तूला यावं लागलं. गावाच्या त्या वागण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तुम्ही असं कुणाशी वागलात तर तुमच्यावरही तितकाच राहील.