चारशे अकरा सकाळी

मित्रांनो, त्या बुधवारी सकाळी काहीही विशेष घडले नाही. सात वाजले, खोलीच्या कोपऱ्यातल्या रेकॉर्डरचा लाल दिवा आपोआप लागला आणि वैद्यबुवांनी मला छातीशी घेतले. वीस मिनिटे आम्ही वाजवले. शेवटी रोजच्याप्रमाणे त्यांनी रेकॉर्डरकडे तोंड करून म्हटले, "चूक सांग, बाळ." दिवा विझला. यंत्राने ते वादन दूरच्या शहरात राहणाऱ्या त्यांच्या लेकीकडे पाठवून दिले.

वैद्यबुवा मोजे घालत बसले. अकरा मिनिटांनी टेबलावरचा फोन बोलला. सारखा चष्मा शोधावा लागू नये म्हणून त्यांनी फोनला निरोप मोठ्याने वाचायला लावले होते.

"बाबा, ऐकतच राहावंसं वाटलं," फोन सपाट आवाजात म्हणाला.

हे वाक्य वैद्यबुवांनी फोनच्या बरोबरीने, शब्दाला शब्द लावून म्हटले आणि ते हसले. "बुधवार," ते मला म्हणाले. "संध्याकाळी तुझा डावा पट्टा बदलू. फार काचतो मेला." माझ्या अंगावर एक जुना सदरा टाकून ते कामाला गेले.

पट्टा बदलायचा राहून गेला.

मी एक जुना ॲकॉर्डियन आहे. एका बाजूला पांढऱ्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला काळी बटणे आणि मध्ये घड्या घातलेला भाता. भाता ओढला की मी श्वास घेतो, दाबला की सोडतो, आणि दोन्ही वेळा गातो. मला दोन भावांनी बनवले. थोरला माझ्या आतल्या पोलादी सूरपट्ट्या कानाशी धरून घासायचा, धाकटा भात्याच्या घड्यांना खळ लावायचा. ते एकमेकांशी बोलत नसत. का, ते मला कधी कळले नाही.

पुढे बावीस वर्षे मी बंदरावरच्या एका खाणावळीत वाजलो. लोक जेवत, नाचत, माझ्यावर पेले ठेवत. वाजवणाऱ्याची बोटे आखडली त्या दिवशी मालकाने त्याला मागच्या दाराने काढले आणि मला जुन्या बाजारात विकले. तिथल्या दुकानदाराने माझ्यावर न चालणारे घड्याळ ठेवले. मी त्या घड्याळाचे स्टूल म्हणून सोळा वर्षे काढली. माझ्या तीन सूरपट्ट्या गंजल्या. भात्याच्या घडीत झुरळांनी संसार थाटला.

तिथून वैद्यबुवांनी मला आणले. ते काही खरे वैद्य नव्हते. एका मोठ्या कंपनीत, नव्या लोकांना वाचताही येत नाहीत असे जुने प्रोग्रॅम ते जगवून ठेवत. म्हणून ऑफिसात सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. वय चौपन्न, घरात एकटे. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. कामाचा ताण हलका व्हावा म्हणून कंपनीने 'प्रत्येकाने एक छंद धरावा' असे फर्मान काढले. साहेबांनी गिटार धरली, हिशेबनिसाने ढोल धरला, वैद्यबुवांनी मला धरले.

ते मला आजारी प्रोग्रॅमसारखे शिकले. कोणता सूर किती खाली लागला याचे आलेख काढले. गंज घासला, झुरळे हाकलली, प्रत्येक पट्टीवर बारीक अक्षरात आकडा चिकटवला. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी उघडून पाहिले नव्हते. आणि तरीही त्यांचे वादन वाईट होते. दर ओळीत काहीतरी तुटायचे. त्यांनाही ते जाणवायचे. "कुठेतरी अडतंय रे," ते म्हणायचे, "पण कुठे, ते सापडत नाही." मला ते ठाऊक होते. माझ्याच अंगात ते घडत होते. पण मी गाऊ शकतो, सांगू शकत नाही.

कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही सगळ्यांबरोबर मंचावर वाजवले. टाळ्या पडल्या. वैद्यबुवा इतके खूश होते की त्यांनी मला पेटीत उलटे ठेवले. तेवढ्यात टेस्टरबाई आल्या. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणे हे त्यांचे काम. तोंडात माउथ ऑर्गन नसेल तेव्हा त्या खरे बोलत.

"वैद्यबुवा, राग मानू नका. तुमचा माइक बंद होता."

"बिघडला?"

"बिघडला नाही. साहेबांनी बंद करायला लावला. तुमचा एक सूरही मंचाखाली ऐकू आला नाही."

वैद्यबुवा पेटीची कडी लावत राहिले. मग म्हणाले, "तीन महिने शेजारी बसून वाजवतोय. एकानं तोंडानं सांगितलं असतं तर?"

"मला संगीतातलं कळत नाही, नाहीतर मी सांगितलं असतं."

"माझ्या लेकीला कळतं," वैद्यबुवा म्हणाले. "लहानपणी आठ वर्षं शिकलीये. आणि चुका काढायला तर ती तुमच्याही वरताण. तिच्या ऑफिसात तिच्यापुढे काम ठेवताना लोकांना घाम फुटतो."

त्या दिवसापासून रेकॉर्डर कोपऱ्यात बसला. आळसाला जागा राहू नये म्हणून तो रोज सकाळी सातला आपोआप सुरू होईल आणि वादन आपोआप पाठवील अशी सोय त्यांनी केली. लेकीची उत्तरेही लगेच येऊ लागली. "वा बाबा, आज फार छान." "बाबा, सूर किती गोड लागलाय." वैद्यबुवांनी आलेख काढायचे सोडले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते सातच्या आधी दाढी करून बसत.

चुकीबद्दल मात्र कधी एक अक्षर आले नाही.

एका रविवारी टेस्टरबाई सरावाला आल्या होत्या. फोन बोलला तशी त्यांनी घड्याळ पाहिले आणि फोन मागितला. बराच वेळ बोटाने निरोप वर-खाली करत राहिल्या.

"वैद्यबुवा, वादन गेल्यावर बरोबर अकराव्या मिनिटाला उत्तर येतं. रोज."

"वक्तशीर आहे पोरगी. माझ्यावर गेलीये."

"वादन वीस मिनिटांचं. ती अकरा मिनिटांत वीस मिनिटं कशी ऐकते?"

वैद्यबुवा माझ्या पट्ट्या पुसू लागले.

"आणि वाक्यं सात आहेत. वारानुसार. सोमवारचं सोमवारी, मंगळवारचं मंगळवारी. हे माणूस लिहीत नाही हो. तिनं प्रोग्रॅम लावलाय."

मित्रांनो, वैद्यबुवांनी वाद घातला नाही. त्यांच्या धंद्यात शंका आली की चाचणी घेतात. त्यांनी रेकॉर्डर उचलला, कपडे पिळून काढणाऱ्या वॉशिंग मशीनसमोर धरला आणि तो खडखडाट लेकीला पाठवला. दोघे खुर्च्या टाकून फोनसमोर बसले. अकरा मिनिटे झाली.

"बाबा, तुमचा हात आता खरंच बसलाय," फोन म्हणाला.

टेस्टरबाईंना हसू आवरेना. वैद्यबुवाही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि हसू थांबल्यावरही ते पाणी पुसत राहिले.

"फोन करा आणि झाडा तिला," टेस्टरबाई म्हणाल्या.

"नको."

"का?"

"सांगितलं तर ती तो प्रोग्रॅम बंद करील. मग सकाळी काय येईल?" ते उठले, मशीन बंद केले. "सात तर सात. बसून लिहिलीत ना तिनं? आणि कोण जाणे, एखाद्या दिवशी चुकून ऐकेल."

त्यानंतरही ते रोज वाजवत राहिले आणि रोज म्हणत राहिले, "चूक सांग, बाळ." मला बनवणाऱ्या त्या दोन भावांत अबोला होता, तो मला सोसला. हे फोनचे गोड बोलणे सोसत नव्हते. मी त्यांच्या छातीला टेकलेला असे. शेवटच्या महिन्यात त्या छातीतला ठोका मध्येच गाळला जाई. तेही मला कळत होते आणि तेही मला सांगता आले नाही.

त्या बुधवारी दुपारी वैद्यबुवा ऑफिसच्या जिन्यात बसले ते बसलेच. संध्याकाळी दार उघडले ते टेस्टरबाईंनी, वैद्यबुवांच्या किल्लीने. मागोमाग वैद्यबुवांची थोरली बहीण आली. लेक रात्रभर प्रवास करून पहाटे पोचली.

सकाळी ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. खोलीत दहाबारा माणसे. सात वाजले आणि लाल दिवा लागला. कोणाच्या लक्षात आले नाही. यंत्राने वीस मिनिटे हुंदके, खुर्च्या सरकवण्याचे आवाज आणि माणसांची कुजबुज टिपली आणि पाठवून दिली. अकरा मिनिटे गेली. टेबलावर कोणीतरी आणून ठेवलेला वैद्यबुवांचा फोन बोलला.

"कालच्यापेक्षा खूप सुधारणा आहे हं, बाबा."

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या.

"अगं," आत्या म्हणाली, "हा तुझा निरोप ना? तू तर इथे बसलीयेस. तुझे हात तर रिकामे आहेत!"

लेक उठली. तिने रेकॉर्डरची वायर भिंतीतून उपटली आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. बाहेर लोक हळू आवाजात बोलू लागले. काहींना तो चमत्कार वाटला. एकाला हसू आले, त्याने ते खोकल्यात लपवले.

चार दिवसांनी घर रिकामे झाले. लेक वस्तूंचे ढीग करत होती: ठेवायच्या, वाटायच्या, टाकायच्या. मी वाटायच्या ढिगात होतो. टेस्टरबाई वैद्यबुवांचे ऑफिसातले सामान द्यायला आल्या.

"हे वाद्य तुम्ही न्या," लेक म्हणाली. "बाबा तुमच्याबद्दल सांगायचे."

"मला वाजवता येत नाही. बसू का थोडं?" टेस्टरबाई बसल्या. "एक सांगते. नाही सांगितलं तरी चालेल असं सगळे म्हणतील, पण माझ्याच्यानं राहवत नाही. त्यांना माहीत होतं."

"काय?"

"प्रोग्रॅम. सात वाक्यं. दहा महिने माहीत होतं."

लेकीच्या हातातला कपड्यांचा गठ्ठा तसाच राहिला. "मग मला बोलले का नाहीत?"

"तुम्ही उत्तरं बंद कराल म्हणून."

टेस्टरबाईंनी हळूच विचारले, "त्यांची किती वादनं ऐकलीत?"

"चारशे अकरा आलीत." लेकीने गठ्ठा खाली ठेवला. "एकही नाही. दिवसभर लोकांच्या चुका काढून घरी यायचं आणि परत बाबांच्या काढायच्या? मला वाटलं, खूश ठेवलेलं बरं. ते खूश आहेत, असंच वाटायचं मला."

टेस्टरबाईंनी तिची समजूत घातली नाही. त्या चपला घालून निघून गेल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला कोरड्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा भाता उघडा, एवढे केले तरी मी जगेन. पण कोणी तुम्हाला 'चूक सांग' म्हणून विनवले, तर त्याला गोड बोलून वाटेला लावू नका. त्याच्याजवळ बसा, ऐका आणि सांगा.

लेकीने दार लावले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसून स्वतःच्या फोनवर बुधवारचे वादन सुरू केले. माझाच आवाज मला बाहेरून ऐकू आला. तिने डोळे मिटले नाहीत, ती रडलीही नाही. शेवटी वैद्यबुवा म्हणाले, "चूक सांग, बाळ." तिने पुन्हा पहिल्यापासून लावले. पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदा लावले तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी पडली. काम करताना ऑफिसात पडत असावी तशी. एका जागी तिने वादन थांबवले, मागे घेतले, तेवढाच तुकडा ऐकला. मग माझ्या भात्यावर हात ठेवून ती मोठ्याने बोलली.

"बाबा, ओळ संपायच्या आधीच तुम्ही भाता उलटा फिरवताय. म्हणून सूर मध्येच तुटतो. एवढंच चुकतंय. पूर्ण ओळ एका दमात घ्या. हं, परत वाजवा, मी ऐकतेय."