विहिरीला आलेला रंग

रंगाऱ्यांच्या त्या गल्लीत पांढरं असं काही फार वेळ टिकत नसे. एका घरचं मांजर सकाळी पिवळं होऊन बाहेर पडायचं आणि जेवणवेळेला हिरवं होऊन परत यायचं. मालकीण त्याला ओळखायची ती निव्वळ आवाजावरून. एका कोंबडीनं निळं अंडं घातलं होतं म्हणतात. ते पाहणारा माणूस मात्र आजवर कुणाला भेटलेला नाही. माणसांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. धुतले काय, न धुतले काय, दिसायचे तसेच. त्यामुळे संडासातून आल्यावरही हात धुवायचे कष्ट कुणी घेत नसे. निळ्या हातावर मळ दिसतो कुठे?

या गल्लीत एका सासूला सगळे पक्की म्हणत. तिनं रंगवलेलं कापड फाटून जाईल, पण फिकं पडणार नाही, अशी तिची ख्याती. तिचं बोलणंही तसंच, एकदा चढलं की उतरायचं नाव नाही. तिची सून शिलाईकाम करणाऱ्या घरातून आली होती. आली तेव्हा हात धुतल्या तांदळासारखे, म्हणून गल्लीनं तिचं नाव ठेवलं पांढरी. आता हात निळे झाले होते, नाव मात्र तसंच राहिलं. पांढरीला एक मुलगी होती. नुकती चालायला लागलेली, टाचेवर जन्मापासून तीळ असलेली. तो तीळ रंगाचा आहे असं समजून पक्कीनं तो बरेच दिवस घासून पाहिला आणि मग हार मानून पोरीचं नाव ठिपकी ठेवलं.

त्या सकाळी नेहमीचंच चाललं होतं. पिंपं तापत होती, दोऱ्यांवर कापडाची ओली ठाणं टपटपत होती, आणि परसातल्या विहिरीवर पक्की दवाखान्याच्या ताईशी भांडत होती. ताई खांद्याला पिशवी लावून गल्लोगल्ली फिरायची आणि पाण्यात औषध टाकायची.

"ती बाटली मागं घ्या, ताई. तुमच्या औषधानं माझा निळा उडतो."

"आजी, मागच्या गल्लीत पोरांना जुलाब लागलेत. जरा बघा ना, हा तुमचा संडास आणि ही विहीर. मध्ये एक बाज टाकायला तरी जागा आहे का?"

"मध्ये भिंत आहे."

"भिंत जमिनीच्या वर आहे. खाली काय चाललंय कुणाला माहीत?"

"मला माहीत आहे. खाली दगड आहे. माझ्या सासऱ्यांनी खणलीय ही विहीर. आणि पाणी चाखून तरी बघा, काय गोड आहे ते. तुमचं नळाचं पाणी म्हणजे नुसतं औषध. त्यात ना रंग चढतो, ना घोट उतरतो."

तेवढं मात्र खरं होतं. नळाच्या पाण्यातल्या औषधानं रंग फिका पडायचा. म्हणून त्या घरात नळाचं पाणी उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि जे पाणी कापडाला चालत नाही ते माणसाला कशाला, असा सरळ हिशेब होता. ताई हसून निघाली. जाताना दारातल्या पांढरीला हळूच म्हणाली, "पोरीला काही झालंच तर पाणी तोडू नकोस हं. नळाचं पाणी उकळून निववायचं. तांब्याभर पाण्यात लहानशी मूठ साखर आणि चिमूटभर मीठ. चव डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको. घोटघोट देत राहायचं आणि दवाखाना गाठायचा."

पांढरीनं मान हलवली आणि मागं वळून पाहिलं. सासूनं ऐकलं तर नाही? त्या घरात तिला पिंपातल्या उकळत्या पाण्याचीही इतकी भीती वाटत नसे.

दुसऱ्याच दिवशी ठिपकीचं पोट बिघडलं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग दुपटी कमी पडायला लागली. मग पोरगी खेळायची थांबली आणि आईच्या मांडीवर मान टाकून "मम्, मम्" करू लागली. मम् म्हणजे पाणी. तिला येणाऱ्या मोजक्या शब्दांतला तो सगळ्यात जुना शब्द.

पांढरीनं माठाकडे हात नेला, तसा सासूनं तो मनगटाशी धरला.

"पाणी नाही."

"आई, घसा कोरडा पडलाय तिचा."

"पडू दे. अगं, कापडाचा रंग सुटायला लागला की आपण काय करतो? त्याला पाणी दाखवतो का? वर टांगून कोरडं करतो. पाणी दाखवलं की सगळा रंग वाहून जातो. पोटाचंही तसंच. सुटलंय तोवर थेंब द्यायचा नाही. अंगावरचंही पाजू नकोस."

हा नियम एकट्या पक्कीचा नव्हता, अख्ख्या गल्लीचा होता. पोराला जुलाब लागले की घरातली वडीलधारी बाई माठाच्या तोंडाला फडकं बांधायची आणि स्वतः माठाशेजारी बसायची. त्याला त्या गल्लीत 'वाळत घालणं' म्हणत. पोरं वाळायची. काही बरी व्हायची, तेव्हा नियमाचं कौतुक व्हायचं. काही बरी व्हायची नाहीत, तेव्हा कुणीतरी चोरून पाणी पाजलं असणार असं म्हणत.

पक्कीनं फडकं बांधलं, रंगाऱ्याची ओली गाठ, सहज न सुटणारी, मारली, आणि माठाशेजारी बसकण मारली.

"माझ्या दोन पोरी अशाच गेल्या," ती म्हणाली. हे ती नेहमी सांगायची, आणि सांगताना मान ताठ व्हायची. "दोघींनी पाण्यासाठी घर डोक्यावर घेतलं. मी थेंब दिला नाही. शेजारणी रडल्या, मी हलले नाही. तरी गेल्या. पाणी दिलं असतं तर पहिल्याच दिवशी गेल्या असत्या."

पांढरीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मोठ्या पिंपात काठी फिरवत होता. पिंपावर मान घातली की त्याला आईचंही ऐकू येत नसे आणि बायकोचंही. मोठा सोयीचा बहिरेपणा होता तो.

"अहो, दवाखान्यात नेऊ या ना."

"आई बघतेय ना," तो वाफेतून म्हणाला. "तिला कळतं त्यातलं. आणि ते लाल पिंप उरकलंय, तेवढं ओतून टाक."

उरलेला रंग गल्लीच्या टोकाच्या गटारात ओतायचा, अशी रीत होती. पण गल्लीच्या टोकापर्यंत जायचं म्हणजे तेवढा वेळ पोरीला नजरेआड करायचं. पांढरीचा पाय निघेना. तिनं बादल्या भरभरून तो लाल रंग परसातल्या संडासात ओतला आणि धावत आत आली.

ठिपकी रडत होती. पांढरीनं तिचे गाल पुसायला बोट नेलं आणि बोट कोरडंच राहिलं. पोरगी ओठ काढून रडत होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. पोटावरची कातडी चिमटीत धरली, सोडली, तर ती तशीच उभी राहिली, इस्त्री न केलेल्या कापडाच्या चुणीसारखी. डोळे आत गेले होते. टाळू खोल गेली होती.

"आई, बघा हो. हिच्या डोळ्यांत पाणीच नाहीये."

"म्हणजे वाळतेय," पक्की म्हणाली. "गुण येतोय."

त्या घरात तेव्हा सहा पिंपं पाण्यानं भरलेली होती. दोऱ्यांवरून पाणी गळत होतं, फरशी ओली होती, भिंतींना ओल होती. एक त्या पोरीचा घसा तेवढा कोरडा होता.

उन्हं कलली तशी ठिपकी गप्प झाली. पांढरीला त्या रडण्यापेक्षा या गप्प होण्याचीच धास्ती बसली. तिनं पोरीला दोरीखाली सतरंजीवर ठेवलं आणि दुपटं आणायला आत गेली. परत आली तर ठिपकी कुशीवर वळली होती आणि तिचे ओठ निळे झाले होते.

पांढरीच्या हातातलं दुपटं खाली पडलं. ती गुडघ्यांवर बसली, पोरीच्या नाकाशी गाल नेला. श्वास होता. मग तिला दिसलं. दोरीवरच्या निळ्या ठाणाचं टोक खाली लोंबत होतं, आणि पोरीनं ते मुठीत धरून तोंडात घातलं होतं. ती ते चोखत होती. रंगाचं पाणी चोखत होती.

पांढरीनं ते टोक तिच्या तोंडातून काढलं, तेव्हा ठिपकीनं विरोधसुद्धा केला नाही. नुसती मूठ मिटलेली राहिली.

पांढरी उठली. पोरीला कडेवर घेतलं, कोनाड्यातला तांब्या घेतला आणि उंबरा ओलांडला. मागून सासूची हाक आली, "कुठं निघालीस?" तिनं उत्तर दिलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर ती परत फिरली असती. कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी तिनं भरलं, तांब्या छातीशी धरून घरात आणला, आणि रंगाच्या चुलीवर पातेलं ठेवलं.

पक्की माठ सोडून उठली. एरवी ती माठ सोडून कधी उठत नसे.

"माझ्या घरात नळाचं पाणी? ओत ते."

"नाही ओतणार."

"पोरीला मारायला निघालीस?"

पांढरीनं घाईघाईनं साखर आणि मीठ टाकलं; साखर पातेल्यात कमी आणि चुलीत जास्त पडली. "आई," ती म्हणाली, "कच्चा रंग पक्का कशानं होतो?"

"आता रंगाचं काय काढलंस?"

"सांगा ना. तुम्हीच शिकवलंत. कोरडं टांगून पक्का होतो का?"

पक्कीची नजर पातेल्यातल्या पाण्याकडे गेली.

"मिठाच्या पाण्यानं होतो," पांढरी म्हणाली. "मीठ घातलेल्या पाण्यात कापड बुडवून ठेवायचं, म्हणजे रंग धरतो. यातही मीठ-साखर घातलीय. आता बाजूला व्हा. नाहीतर मला ढकलून द्या, पण पोरीला मी हे पाजणार."

पिंपावरची काठी थांबली होती. नवऱ्याला पहिल्यांदाच दोघींचंही ऐकू आलं होतं. तो आला, आणि काय करावं ते न सुचून आई आणि चूल यांच्या मध्ये उभा राहिला. तेवढंच पुरलं.

पाणी निवेपर्यंतचा वेळ काही केल्या सरेना. पांढरीनं चव पाहण्यासाठी चमचा तोंडाला लावला. किती खारट, ते तिला कळेना, कारण तिच्या गालांवरून ओठांत तसलंच पाणी येत होतं. म्हणजे बरोबर जमलं होतं. पहिला चमचा ठिपकीच्या ओठांच्या कडेनं बाहेर आला. दुसराही. तिसऱ्याला घसा हलला. मग तांब्या पदराशी, पोरगी खांद्याशी, असे दोघं नवरा-बायको चमचा चमचा पाजत दवाखान्याकडे चालत राहिले.

ठिपकी वाचली. आठवडाभरानं ती घरी आली तेव्हा पक्कीनं तिच्याकडे पाहिलं, टाचेचा तीळ चाचपला, आणि कुणाशीही न बोलता विहिरीवर गेली.

बादली वर आली ती गुलाबी होऊन.

परसात कुजबुज झाली. शेजारची म्हणाली, विहिरीला नजर लागली. तिचा सासरा म्हणाला, विहीर रक्त ओकतेय, त्याच्या आजोबांच्या वेळीही एक ओकली होती आणि अख्खं गाव उठून गेलं होतं. लोक मागं सरले. पक्की मात्र बादलीवर वाकली. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, उन्हाकडे धरलं, अंगठ्यावर चोळलं. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी तिला आपला रंग ओळखता आला असता.

"हा माझा लाल आहे," ती म्हणाली. "सूनबाई, त्या दिवशीचं लाल पिंप कुठं ओतलंस?"

पांढरी भिंतीला टेकली. "संडासात."

पक्कीनं संडासाकडे पाहिलं, मधल्या भिंतीकडे पाहिलं, मग बादलीकडे. सासऱ्यांनी खणलेली विहीर, खालचा दगड, साखरेसारखं पाणी. ती हळूहळू खाली बसली.

"म्हणजे रोज आपण..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आणि माझ्या त्या दोघी? त्या पाणी मागत होत्या गं. थोरली तर माझा हात चाटत होती."

तिची ती ताठ मान पांढरीनं पहिल्यांदा वाकलेली पाहिली आणि तिला कळलं, म्हातारी इतकी वर्षं त्या नियमाला का चिकटून होती. नियम खोटा ठरला असता तर उरलं काय असतं? पांढरीला सासूची भीती वाटायची. आता सासूसाठी भीती वाटली. ती जवळ जाऊन बसली.

तेवढ्यात शेजारणीच्या घरातून आवाज आला. लहान पोराचा, चिरका, थकलेला. तो शब्द वेगळा होता, पण मागणं तेच होतं.

"कालपासून लागलेत त्याला," शेजारीण ओशाळून म्हणाली. "सासूबाई बसल्यात माठापाशी."

पक्की उठली. पिंपाशेजारच्या साबणानं तिनं हात धुतले, निळे हात, धुऊन निळेच राहणारे, तरी पुन्हा धुतले. मग ती गुलाबी बादली उचलली आणि शेजारणीच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली.

"हा रंग बघून घ्या," ती आतल्या म्हातारीला म्हणाली. "तुमची विहीरही संडासाला लागूनच आहे. तुमच्या पाण्यातही हेच येतंय, फक्त दिसत नाहीये. सूनबाई, चूल पेटव. नळाचं पाणी आण. आणि तुम्ही, वहिनी, त्या माठापासून उठा."

म्हातारी माठ आणि चूल दोन्ही अडवून बसली होती, उठेना. "नियम आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. या गल्लीत माझ्याइतका कुणी पाळला नाही."

पक्की खाली बसली आणि माठाच्या तोंडावरचं फडकं सोडायला लागली, आतलं पाणी ओतून टाकायला. गाठ सुटेपर्यंत म्हातारी हलणार नव्हती. गाठ ओली होती, घट्ट बसलेली. जन्मभर तिच्या बोटांना ती गाठ मारायची सवय, सोडायची नव्हती. मागं पांढरी नळाच्या पाण्याचं पातेलं घेऊन उभी होती, आणि खोलीच्या कोपऱ्यातलं ते रडणं हळूहळू लहान होत चाललं होतं.

"लवकर, आई," पांढरी म्हणाली. "लवकर."