तांगारोईच्या गळ्यातली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. प्लास्टिकची, हिरव्या रंगाची, पोटानं चांगली ऐसपैस. जन्म फिजीतल्या कारखान्यातला, पण प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या या बेटावर मी पोहत आले, हे कुणालाही ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही. मोठी बोट उथळ पाण्यात येईना, तेव्हा खलाशांनी मला सरळ समुद्रात लोटलं आणि होडीमागे दोरानं बांधून किनाऱ्याला ओढत आणलं. सगळं गाव बघायला जमलं होतं. मला फार ऐट आली होती.

मला आणलं तांगारोई नावाच्या बाईच्या मुलानं. तो परदेशी जहाजावर कामाला. त्यानं आईच्या घरावरचं केवड्याच्या पानांचं छप्पर काढून पत्रे घातले आणि पन्हळ माझ्या तोंडाशी आणून सोडली. बाकी घरांना पानांचीच छपरं, त्यामुळे गावात टाकी अशी मी एकटीच. तेव्हा माझी कुणाला फारशी गरजही नव्हती, कारण विहिरी गोड्या होत्या. शेजारणी चहापुरतं पाणी न्यायच्या आणि तांगारोईच्या पत्र्यावरच्या पाण्याचा चहा काही औरच लागतो म्हणायच्या. कौतुक कुणाला नको असतं?

मग भरत्यांची तऱ्हा बदलली. समुद्र रस्ता ओलांडून विहिरींत उतरू लागला. विहिरी खारावल्या, खड्ड्यांतल्या अळूची पानं पिवळी पडली. एरवी पाऊस येऊन ते मीठ धुऊन काढायचा, पण त्या वर्षी तोही फिरकला नाही.

नेमकी त्याच दिवसांत तांगारोईची मुलगी मेरे बाळंत झाली. बाळ अशक्त, आईचं दूध पुरेना, म्हणून डब्यातलं दूध कालवून द्यावं लागे. विहिरीच्या पाण्यानं त्याला हगवण लागली. याला टाकीचंच पाणी उकळून द्या, नाहीतर माझ्या हातात काही उरणार नाही, असं नर्सबाईंनी बजावलं. माझ्या पोटात होतं तेवढ्यावरच आता त्याचा जीव होता.

आमच्याकडे बुबुती नावाची रीत आहे. नात्यातल्या माणसानं बुबुती म्हणून काही मागितलं, की नाही म्हणायचं नसतं. म्हटलं, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि एवढ्याशा बेटावर नात्यात नाही असा कोण सापडणार? बादल्या येत राहिल्या, तांगारोई हसून नळ सोडत राहिली. शेवटी मेरे चिडली. तिनं दुकानातून कुलूप आणून माझ्या नळाला घातलं आणि किल्ली आईच्या गळ्यात बांधली. कुणी आलं तर फक्त कुलपाकडे बोट दाखव, असं तिनं आईला पढवलं.

कुलपाकडे बुबुती मागता येत नाही हे खरं, पण किल्ली मागता येते. योतेबा हा तांगारोईचा चुलतभाऊ, गावातला थट्टेखोर. कुलूप बघून तो रिकाम्या बादलीनं परत गेला होता आणि ते त्याला फार लागलं होतं. तो येऊन मांडी घालून बसला.

"ताई, बुबुती घेऊन आलोय."

"पाणी सोडून काय हवं ते माग."

"पाणी कोण मागतंय? तुझ्या गळ्यात लटकतंय ते दे. तुला शोभत नाही ते."

तांगारोईनं किल्ली काढून दिली. मेरे बाळाला घेऊन आत गेली आणि तिचं रडणं मला बाहेर ऐकू येत राहिलं. त्या माणसाचा मला भयंकर राग आला.

योतेबा किल्ली मिरवत घरी गेला आणि तिथंच फसला. ज्याची किल्ली, त्याच्याकडे बुबुती. मेव्हणे, भाचे, सगळी सासुरवाडी बादल्या घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. आधी त्यानं ऐटीत वाटलं. पण माझी धार बारीक झाली तसा तो चपापला. त्यानं माझ्या पोटावर बोटांनी टकटक केली, वरून सुरुवात करून खाली खाली येत गेला. सगळीकडे पोकळ. पार गुडघ्याशी आल्यावर कुठे भरीव आवाज लागला. घरात बाळ कण्हत होतं. योतेबा बराच वेळ माझ्यापाशी उकिडवा बसून राहिला.

किल्ली परत करावी, तर ताईच्या तोंडून कुणालाही ‘नाही’ निघणार नाही, हे तो जाणून होता. तो तडक मनेआबात गेला. मनेआबा म्हणजे गावाच्या बैठकीचं मोठं घर. तिथं काय घडलं ते मेरेनं नंतर माझ्या सावलीत बसून हसत हसत मैत्रिणीला सांगितलं.

"माझी बुबुती आहे, सगळ्या गावाकडे," योतेबा म्हणाला. "पाऊस येईपर्यंत माझ्याकडे कुणी पाणी मागायचं नाही. ते बाळाचं आहे."

मग सर्वांत वयस्क म्हातारा खाकरला. "न मागायची बुबुती? असलं काही माझ्या बापानंसुद्धा ऐकलं नव्हतं."

"तुमच्या बापाच्या विहिरीत समुद्र नव्हता शिरला, आजोबा. नाही म्हणायचं असेल तर म्हणा."

म्हणणार कोण? म्हाताऱ्यालाच आधी हसू फुटलं आणि मग सगळ्यांना.

त्यानंतर गावानं शहाळ्यांवर दिवस काढले. खारट चहात जास्तीची साखर घालून तो गिळला, पण माझ्याकडे बादली घेऊन कुणी आलं नाही. रोज सकाळी योतेबा बाळापुरती किटली भरायचा आणि कुलूप लावून जायचा. पाऊस आला तेव्हा माझ्यात किटलीभरही उरलं नव्हतं, आणि बाळ मात्र गालांनी गुबगुबीत झालं होतं.

आता मनेआबावरही पत्रे आहेत आणि तिथं एक नवी टाकी आली आहे. माझ्यापेक्षा मोठी, जराशी शिष्ट. मी सुखात आहे. समुद्र मात्र येतोच.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझी एखादी बहीण कुठेतरी उभी असेल. नळ सोडण्याआधी तिच्या पोटावर एकदा टकटक करा आणि नीट ऐका. आवाज पोकळ आला, तर तिचं पाणी आधी कुणाला हवं आहे ते विचारा, आणि तुमची बादली त्या दिवशी घरीच ठेवा.